सुताराचा रंधा आणि सहा दाणे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत रेनेसाँच्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या युरोपीय नवजागरणाच्या, राजकीय विचारावर आलेल्या लेखात न्यायाच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली आहेत. एक, त्या काळापर्यंत न्याय हा राजाचा सद्गुण समजला जाई. दोन, फ्लॉरेन्सचा राजकीय विचारवंत मॅकियावेली याने न्यायाला राजकारणातून हाकलून दिले. सोबत डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या न्यायदेवतेचे चित्र आहे आणि त्याखाली 'रोमन काळापासून चालत आलेले प्रतीक' अशी ओळ. पहिले वाक्य अर्धेमुर्धे खरे आहे, दुसरे त्याहून कमी, आणि चित्राखालची ओळ साफ चुकीची. तिन्ही चुका एकाच ठिकाणाहून निघतात. न्याय म्हणजे काय, एवढेच लेखकाने विचारले. तो केला कसा जाई हे पाहिलेच नाही. इटलीतल्या नगरराज्यांचा जीव मात्र या दुसऱ्या प्रश्नातच अडकलेला होता. न्यायाधीश कुठून आणायचा, किती महिने ठेवायचा, किती मतांनी माणूस फासावर जातो आणि त्या मतांवर दाद कोणाकडे मागायची? मॅकियावेलीचा न्यायविचारही तिथेच सापडतो.

('प्रबोधन' हा शब्द येथे मुद्दाम टाळला आहे. मराठीत तो पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सलाही लावतात आणि अठराव्या शतकातल्या पॅरिसलाही. मग दोन्हींची सरमिसळ होते.)

सुरुवात सिएना या इटालियन नगरराज्यातल्या एका भिंतीपासून करावी लागेल. कालगणना काटेकोर धरली तर ही भिंत रेनेसाँच्या उंबरठ्याबाहेरची आहे, पण पुढच्या दीडशे वर्षांचा नकाशा तिच्यावर काढलेला आहे. सिएनाच्या नगरसभागृहात 'नऊ जणां'ची खोली होती. हे नऊ जण दोन-दोन महिन्यांसाठी सत्तेवर येत आणि तेवढा काळ त्याच इमारतीत राहत. चित्रकार अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये या खोलीच्या तीन भिंतींवर सुराज्य आणि कुराज्य रंगवले. डावीकडे न्यायदेवता बसली आहे आणि डोळे वर करून डोक्यावरच्या प्रज्ञेकडे पाहते आहे. तराजू प्रज्ञेच्या हातात. न्यायदेवता फक्त पारडी सावरते. एका पारड्यातला देवदूत एकाचे मस्तक उडवतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतो. हा वाटपाचा न्याय. दुसऱ्या पारड्यातला देवदूत दोन माणसांना काही वस्तू देतो आहे. हा देवघेवीचा न्याय. त्या वस्तू नेमक्या कोणत्या यावर अभ्यासकांचे एकमत नाही. विभागणी अर्थातच ॲरिस्टॉटलची.

खरी मेख खाली आहे. दोन्ही पारड्यांतून एकेक दोरी उतरते. खाली बसलेली कॉन्कॉर्दिया, म्हणजे एकोपा, त्या दोन्हींना पीळ घालून एक दोर करते आणि शेजारच्या नागरिकाच्या हातात देते. असे चोवीस नागरिक रांगेने तो दोर धरून चालले आहेत. दोर त्यांना बांधलेला नाही, त्यांनी धरलेला आहे. शेवटी तो काळ्या-पांढऱ्या वस्त्रांतल्या, सिंहासनावरच्या भल्या मोठ्या म्हाताऱ्याच्या उजव्या हाताशी पोचतो. काळा-पांढरा हे सिएनाचेच रंग. हा म्हातारा म्हणजे नगराचे सामायिक हित. आता कॉन्कॉर्दियाच्या मांडीवर पाहा. तिथे सुताराचा रंधा आहे. देवीच्या मांडीवर रंधा कशाला? फळीवरचे उंचवटे तासून ती एका पातळीत आणायला. ज्याचे डोके रांगेपेक्षा वर येईल त्याच्यावर तो चालायचा. समतेवर तेव्हा लिहिलेली पाने अनेक आहेत, पण इतके बोलके चित्र क्वचितच सापडेल.

आणखी एक बारकावा. म्हाताऱ्याच्या दोन्ही अंगांना जे सद्गुण बसले आहेत त्यांत न्याय पुन्हा एकदा आहे, या वेळी हातात तलवार आणि मांडीवर तुटलेले मुंडके घेऊन. एकच देवी दोनदा कशी? डावीकडची न्यायदेवता नगराला जन्म देणारी व्यवस्था आहे, तर उजवीकडची त्या नगराच्या सत्तेच्या कामी येणारी शिक्षा. शेजारच्या भिंतीवर शिंगे असलेला जुलूमशहा बसला आहे. त्याच्या पायाशी न्यायदेवता जखडून पडली आहे, तराजू मोडलेला आहे. तिला कोणी ठार मारलेले नाही, फक्त दोर तुटला आहे. याच सुमाराचा कायदेपंडित बार्तोलो जुलूमशहाचे दोन प्रकार सांगतो : ज्याला गादीचा हक्कच नव्हता तो, आणि जो हक्काने बसला पण अन्यायाने वागला तो. दुसरा प्रकार सिद्ध करायला अवघड, म्हणून तो अधिक घातक.

आता लेखातले पहिले वाक्य अर्धे खरे का, ते सांगतो. रोमन कायद्याची व्याख्या सगळ्यांना पाठ होती : ज्याचे त्याला देण्याची अविचल आणि अखंड इच्छा म्हणजे न्याय. 'इच्छा' म्हटले की गोष्ट मनातली झाली. रोमन वक्ता सिसेरोच्या 'कर्तव्यांविषयी' या ग्रंथातही न्याय सद्गुण म्हणूनच येतो. आगळीक झाल्याशिवाय कोणाला इजा करू नये. सामायिक ते सामायिक म्हणून वापरावे आणि खासगी ते आपले म्हणून. या सगळ्याचा पाया म्हणजे दिलेला शब्द पाळणे. हा ग्रंथ 1465 मध्ये माइन्झला छापला गेला; छापखान्यातून निघालेल्या पहिल्या अभिजात लॅटिन पुस्तकांत त्याची गणना होते. पण जे वकील आणि चिटणीस सकाळी हा ग्रंथ वाचत, तेच दुपारी कचेरीत बसून इच्छेवर भिस्त न ठेवणारे नियम लिहीत.

'पोदेस्ता'चेच, म्हणजे नगराच्या मुख्य न्यायाधीशाचेच घ्या. शहरातली घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली असताना न्यायाधीश कोणत्याही एका घराण्यातला असून भागत नाही. म्हणून तो दुसऱ्या शहरातून आणायचा. मुदत सहा महिने किंवा एक वर्ष. तो येताना आपले न्यायाधीश, कारकून आणि शिपाई घेऊन येई आणि त्यांचा खर्च ठरलेल्या पगारातून भागवी. स्थानिकांशी सोयरीक, भागीदारी, त्यांच्या घरच्या पंगती हे सगळे त्याला वर्ज्य. मुदत संपली की लगेच निघून जायचे नाही. काही दिवस तिथेच थांबायचे आणि शहराने नेमलेल्या तपासनिसांपुढे झाडाझडती द्यायची. ज्याला ज्याला त्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याने ती तेव्हा मांडायची. या झाडाझडतीला 'सिंदाकातो' म्हणत.

यात बिघडते कुठे, तेही उघड आहे. सहा महिन्यांत परक्या माणसाला शहराच्या चालीरीती कळत नाहीत, म्हणून तो स्थानिक कारकुनांच्या मुठीत जातो. शेवटी झाडाझडती आहे हे माहीत असल्यामुळे, ज्यांना तक्रार करणे परवडते त्यांच्या वाटेला तो जपून जातो; बाकीच्यांवर कायदा कडक चालतो. आणि मुदत संपत आली की लांबलेला खटला पुढच्याच्या गळ्यात. फ्लॉरेन्सने शेवटी 1502 मध्ये पोदेस्ताची पद्धत मोडून परक्या कायदेपंडितांचे मंडळ नेमले, ते उगाच नव्हे.

फ्लॉरेन्सचाच 1293 चा एक कायदा आजच्या वाचकाला चक्रावून टाकेल. त्याचे नाव 'न्यायाचे अध्यादेश'. शहरातली दांडगी घराणी नावानिशी वेगळी काढली आणि त्यांच्या पुरुषांना चांगल्या वर्तनासाठी दोन हजार लिऱ्यांचा जामीन द्यायला लावले. नगराच्या सर्वोच्च मंडळात त्यांना मज्जाव. दांडग्याने सामान्य नागरिकाला मारले तर शिक्षा नेहमीपेक्षा जबर, वर घर पाडायचे. गुन्हेगार पळाला तर भुर्दंड नातेवाइकांवर. अंमलबजावणीसाठी 'न्यायाचा ध्वजवाहक' असे नवे पद निर्माण केले आणि त्याच्या हाताखाली हजार पायदळ दिले. म्हणजे न्यायाच्या नावाने जाणूनबुजून असमान कायदा! समर्थन असे की, बळ असमान आहे तिथे समान शिक्षा म्हणजे दांडग्याला सूट. लोरेन्झेत्तीचा रंधा इथे प्रत्यक्ष चालताना दिसतो. पण नावांची यादी करणाऱ्याच्या हातात शस्त्र आले हेही खरे. पुढे राजकीय शत्रूला 'दांडगा' ठरवून सत्तेबाहेर काढणे हा शहरातला नित्याचा डाव होऊन बसला.

यानंतरची गोष्ट फ्लॉरेन्सच्या मतपेटीतली आहे. तिथे मतदान फावा नावाच्या कडधान्याच्या मोठ्या दाण्यांनी होई. काळा दाणा म्हणजे होकार, पांढरा म्हणजे नकार. लोकर कामगारांच्या 1378 च्या उठावानंतर राज्याच्या सुरक्षेसाठी आठ जणांचे मंडळ बसवले, 'ओत्तो दी ग्वार्दिया'. राजद्रोहाच्या खटल्यात या आठांतले सहा, किंवा सर्वोच्च मंडळाच्या नवांतले सहा, काळे दाणे पडले की माणूस हद्दपार होई किंवा मरे. लोक याला 'सहा दाण्यांचा कायदा' म्हणत. यावर दाद मागायची सोय नव्हती. नोव्हेंबर 1494 मध्ये शहरावर वर्चस्व गाजवणारे मेदिची घराणे पळाले, तीन हजारांहून अधिक नागरिकांची महासभा स्थापन झाली, आणि धर्मोपदेशक साव्होनारोलाच्या रेट्यामुळे मार्च 1495 मध्ये कायदा झाला की सहा दाण्यांवर महासभेकडे अपील करता येईल.

अडीच वर्षांत परीक्षा आली. मेदिचींना परत आणण्याच्या कटात पाच बडे नागरिक सापडले. त्यांतल्या वयोवृद्ध बेर्नार्दो देल नेरोवर मुख्य ठपका एवढाच होता की, कट माहीत असून त्याने कळवला नाही. पाचांनी अपील मागितले. अपील म्हणजे वेळ, वेळ म्हणजे दंगा, असे म्हणत फ्रान्चेस्को वालोरीच्या गटाने ते नाकारले आणि ऑगस्ट 1497 मध्ये पाचांचीही डोकी उडवली. अपिलाचा कायदा ज्यांनी आणला त्यांचाच हा पक्ष. साव्होनारोलाने त्याचे समर्थनही केले नाही आणि निषेधही केला नाही. आठ महिन्यांनी, एप्रिल 1498 मध्ये, शहरात दंगल उसळली आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांनी वालोरीला रस्त्यात गाठून ठार मारले.

आता मॅकियावेली उघडा. पण राजाला सल्ला देणारे 'प्रिन्स' नव्हे, प्रजासत्ताकांवरचे 'डिस्कोर्सेस'. पहिल्या भागाच्या पंचेचाळिसाव्या प्रकरणात तो नेमक्या याच प्रसंगावर बोट ठेवतो. कायदा करून तो न पाळणे, आणि तेही ज्याने केला त्यानेच, याहून वाईट पायंडा नाही. अपील हितकारक होते तर ते मिळू द्यायला हवे होते. नव्हते तर तो कायदाच करायला नको होता. साव्होनारोलाची पत दुसऱ्या कशानेही गेली नाही इतकी यामुळे गेली, असे तो म्हणतो. सातव्या प्रकरणात वालोरी आहे. त्याला आवर घालण्याचा कायदेशीर मार्ग असता तर झळ एकट्या त्याला लागली असती. मार्ग नव्हता म्हणून ती त्याच्याबरोबर कितीतरी जणांना लागली. शहरातली चीड नियमाच्या वाटेने निघाली नाही तर ती हत्यार घेऊन निघते. न्यायाधीश किती असावेत? आठ पुरत नाहीत, असे तो स्पष्ट सांगतो; पुष्कळ हवेत, कारण थोडे लोक नेहमी थोड्यांच्याच कलाने वागतात. हे आठ कोण, ते फ्लॉरेन्सच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते.

आठवे प्रकरण तर मराठीत जसेच्या तसे उतरते, कारण आपल्याकडे दोन्ही शब्द तयार आहेत : फिर्याद आणि आळ. फिर्यादीला साक्षीदार लागतात, तपशील लागतो, ती ठरलेल्या ठिकाणी करावी लागते. आळ चौकात आणि ओसरीवर घेतला जातो, त्याला पुराव्याची गरज नाही. मॅकियावेलीचा उपाय व्यवहारी आहे : फिर्यादीचा रस्ता इतका सोपा करा की आळ घ्यायला सबब उरू नये, आणि जो आळ घेईल त्याला फिर्यादी व्हायला भाग पाडा. उदाहरण रोमचे. गॉल लोकांना द्यायचे म्हणून जमवलेले सोने काहींनी दडपले, अशी कुजबूज मानलियस कॅपिटोलिनसने पसरवली. हुकूमशहाने त्याला सर्वांदेखत विचारले, सोने कोणाकडे आहे ते सांग. त्याला सांगता येईना, आणि त्याची रवानगी तुरुंगात झाली.

मॅकियावेलीचा समकालीन इतिहासकार ग्विच्चार्दिनी याला मात्र मोठ्या सभेने खटले ऐकावेत हे पसंत नव्हते. गर्दीला पुरावा तोलता येत नाही, तिला आवेश येतो, हे त्याचे म्हणणे. फ्लॉरेन्सच्या राज्यपद्धतीवर त्याने जो संवाद लिहिला त्यात मुख्य वक्ता कोण असावा? बेर्नार्दो देल नेरो, ज्याला अपील मिळाले नव्हते तोच. या निवडीची बोच फ्लॉरेन्समध्ये कोणाच्याही लक्षात आली असती.

मग 'प्रिन्स'चे काय? तिथे न्याय नाही, हे निरीक्षण वरवर बरोबर आहे. पंधराव्या प्रकरणात राजाला लावल्या जाणाऱ्या गुणावगुणांच्या डझनभर जोड्या आहेत : उदार-कंजूष, दयाळू-क्रूर, शब्दाचा पक्का-बेइमान. न्यायी-अन्यायी ही जोडी त्यांत नाही. सद्गुणांच्या यादीत वर्षानुवर्षे मानाच्या जागी बसलेला न्याय येथे गैरहजर आहे, आणि हे नजरचुकीने झालेले नाही. अठराव्या प्रकरणात सिसेरोचे म्हणणे उलटे केले आहे. सिसेरो म्हणाला होता, बळ सिंहाचे, कपट कोल्ह्याचे, दोन्ही माणसाला न शोभणारी, त्यात कपट अधिक तिरस्करणीय. मॅकियावेली म्हणतो, राजाने दोन्ही व्हावे. पण त्याच पुस्तकाचे सातवे प्रकरण पाहा. पोपचा मुलगा चेझारे बोर्जा याने इटलीतला रोमान्या प्रांत जिंकला तेव्हा तिथे बजबजपुरी होती. त्याने रेमिर्रो दे ओर्को नावाच्या कठोर माणसाला पूर्ण अधिकार देऊन बसवले आणि प्रांत ताळ्यावर आणला. पुढे एवढ्या अधिकाराची गरज उरली नाही, तेव्हा प्रांताच्या मध्यभागी एक न्यायालय स्थापले. त्याला नामवंत अध्यक्ष आणि प्रत्येक शहराचा तिथे एक वकील. त्यानंतर 26 डिसेंबर 1502 च्या सकाळी चेझेनाच्या चौकात रेमिर्रोच्या देहाचे दोन तुकडे पडलेले लोकांना दिसले, शेजारी लाकडी ठोकळा आणि रक्ताळलेला सुरा. लोक एकाच वेळी समाधानी झाले आणि सुन्नही. मॅकियावेली त्या दिवशी फ्लॉरेन्सचा दूत म्हणून चेझेनातच होता. वाचक सुरा लक्षात ठेवतात आणि न्यायालय विसरतात. त्या गावात लोकांना दोन्ही मिळाली होती.

जाता जाता शब्दाची एक गंमत. इटालियनमध्ये न्यायाला जो शब्द आहे, त्यावरूनच बनलेल्या क्रियापदाचा, 'जुस्तित्सिआरे'चा, अर्थ देहदंड देणे असा आहे. सिएनाच्या भिंतीवरच्या मुंडकेवाल्या देवीला भाषेनेही दुजोरा दिला आहे.

मॅकियावेलीने न्यायाला हाकलले म्हणणाऱ्यांनी त्याचे एक छोटे भाषणही वाचावे. फ्लॉरेन्समध्ये नव्या अधिकाऱ्यांनी पद घेताना न्यायाची महती सांगणारे भाषण करण्याचा रिवाज होता. अशा प्रसंगासाठी त्याने लिहिलेला मजकूर शिल्लक आहे. त्यात न्यायदेवता पृथ्वी सोडून स्वर्गात परत गेल्याची जुनी कथा येते, आणि विधवेची दाद ऐकण्यासाठी घोडा थांबवणाऱ्या सम्राट ट्राजानवरच्या कवी दान्तेच्या ओळीही. न्याय गरिबाचे रक्षण करतो, बलवानाला आवर घालतो, त्यातून एकी येते, एकीतून राज्याचे बळ, असा युक्तिवाद. हे उपचाराचे भाषण होते, मान्य. पण उपचाराला तरी काय म्हणायचे ते त्याला अवगत होते. शिवाय फेब्रुवारी 1513 मध्ये मेदिचींविरुद्धच्या कटाच्या संशयावरून त्याला पकडले आणि हात पाठीमागे बांधून दोरीने वर ओढून खाली सोडले. असे सहा हिसके बसल्याचे त्यानेच एका सुनीतात नोंदवले आहे. 'प्रिन्स' त्याच वर्षीचा.

आल्प्सच्या पलीकडे प्रश्न थोडा बदलतो. 1516 मध्ये लूव्हाँला छापलेल्या 'युटोपिया'च्या पहिल्या भागात थॉमस मोर चोरीच्या शिक्षेवर बोलतो. इंग्लंडमध्ये तेव्हा चोरीला फाशी होती. एकेका वधस्तंभावर वीस-वीस जण लटकत, तरी चोर कमी होत नव्हते. मोरचे पात्र विचारते, चोरीला आणि खुनाला एकच शिक्षा असेल तर चोराने साक्षीदाराला जिवंत का ठेवावे? मग एका कल्पित देशाची पद्धत येते. चोरलेला माल राजाकडे जात नाही, ज्याचा त्याला परत जातो. माल नसेल तर चोराच्या मालमत्तेतून भरपाई, उरलेले त्याच्या बायकामुलांना, आणि तो स्वतः सार्वजनिक कामावर. सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे, एका कानाची पाळी किंचित कापलेली. हा काही दयेचा मामला नाही, हिशेब आहे. 1539 मध्ये स्पेनमधल्या सालामांकात धर्मशास्त्री व्हिटोरियाने तोच हिशेब समुद्रापलीकडे लावला : नव्या जगातले लोक आपल्या भूमीचे खरे धनी आहेत, 'शोध लावला' म्हणून स्पेनचा हक्क होत नाही. त्याच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

फ्रान्सचा कायदेपंडित बोदँ मात्र रेंगाळण्याजोगा आहे. 1576 च्या त्याच्या ग्रंथात सार्वभौमत्वाची व्याख्या आहे एवढे सगळ्यांना माहीत असते. शेवटचे प्रकरण न्यायाच्या गणितावर आहे, ते फारसे कोणी वाचत नाही. अंकगणिती श्रेढी, समजा 3, 9, 15, 21 : दर पायरीला सारखीच भर. हा लोकसत्तेचा न्याय, सगळ्यांना एकच नियम. भूमिती श्रेढी, 3, 9, 27, 81 : दर पायरीला सारखा गुणाकार. हा उमरावशाहीचा न्याय, ज्याची जेवढी पायरी तेवढे त्याला. दंडाचे उदाहरण घ्या. सर्वांना एकच रक्कम ठरवली तर गरीब बुडतो आणि श्रीमंताला ती जाणवतही नाही. सगळेच न्यायाधीशाच्या अंदाजावर सोडले तर कायदा उरत नाही. म्हणून तिसरी, हरात्मक श्रेढी : 3, 4, 6. हे आकडे उलटे करा, म्हणजे एक तृतीयांश, एक चतुर्थांश, एक षष्ठांश. बाराव्या हिश्शांत मांडले तर 4, 3, 2, अंतर सारखे. शिवाय 3 ते 4 हे षड्ज-मध्यमाचे अंतर, 4 ते 6 षड्ज-पंचमाचे, आणि 3 ते 6 म्हणजे पूर्ण सप्तक. बोदँला हेच हवे होते : ठाम कायदा आणि न्यायाधीशाचे तारतम्य यांचा मेळ, तोही राजाच्या हातून. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1619 मध्ये विश्वाच्या संगीतावर लिहिताना मध्येच थांबून याची चिकित्सा केली आहे. गणित देखणे आहे. अडचण अशी की सूर लागला की नाही हे ठरवणार कोण, तर पुन्हा राजाच. सिएनाच्या नागरिकांच्या हातातला दोर येथे एकाच हातात परत गेलेला दिसतो. फ्रान्समध्ये तोवर न्यायाधीशांच्या जागा पैशाने विकल्या जात होत्या. 1604 पासून तर जागेच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरला की ती वारसाला देता येऊ लागली.

आता चित्राखालची ओळ. रोमन नाण्यांवरची न्यायदेवता डोळस आहे. लोरेन्झेत्तीची तर वर पाहते आहे. पट्टी ठळकपणे दिसते ती 1494 मध्ये बाझलला छापलेल्या 'मूर्खांचे जहाज' या सेबास्टियन ब्रांटच्या पुस्तकात, आणि ती टर म्हणून. कोर्टबाजीवरच्या प्रकरणातल्या लाकूडठशात विदूषकाच्या टोपीतला मूर्ख मागून येऊन न्यायदेवतेच्या डोळ्यांवर फडके बांधतो आहे. आंधळी न्यायदेवता म्हणजे फसवली जाणारी न्यायदेवता, हा त्याचा रोख. पुढच्या पन्नास वर्षांत अर्थ उलटा झाला. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराच्या 1543 च्या कारंज्यावर पट्टी बांधलेली न्यायदेवता अभिमानाने उभी आहे, आणि तिच्या पायाशी पोप, सम्राट, सुलतान आणि बर्नचा स्वतःचा नगरप्रमुख, चौघे मिटल्या डोळ्यांनी. आपल्या नगरप्रमुखाला त्या ओळीत बसवण्याचे धाडस शहराने दाखवले, याचे मला कारंज्यापेक्षा अधिक कौतुक वाटते.

पट्टीबद्दलची ब्रांटची शंका मात्र मेली नाही. फ्रान्समधल्या बोर्दोच्या न्यायालयात बरीच वर्षे काढलेला निबंधकार माँतेन 1588 च्या आपल्या तिसऱ्या खंडातल्या शेवटच्या निबंधात एक प्रकरण सांगतो. काही जणांना खुनासाठी मृत्युदंड ठरला होता. निकाल पक्का झाला होता, फक्त जाहीर व्हायचा होता. तेवढ्यात जवळच्या कनिष्ठ न्यायालयाने कळवले की, आमच्याकडच्या कैद्यांनी तोच खून कबूल केला आहे आणि शंकेला जागा उरलेली नाही. न्यायाधीशांनी विचार केला. निकाल नियमाप्रमाणे झाला आहे; नवा पायंडा पडू नये; आपल्याला तो फिरवण्याचा अधिकार नाही. सगळे पार पडले आणि निरपराध माणसे गेली. अपिलाची वाट नसलेली व्यवस्था किती नीटनेटकी चालते, याचा हा नमुना.

पत्र लांबले आहे, कात्री लावावी लागेल याची जाणीव आहे. बोदँचे गणित जागेअभावी गेले तर तक्रार नाही. 1497 चा परिच्छेद तेवढा राहू द्यावा. आणि पुढच्या पुरवणीत चित्राखालची ओळ दुरुस्त करून छापावी : 'रोमन काळापासून' ऐवजी '1494 पासून, आधी थट्टेने'.

आपला,
राज्यविचाराच्या इतिहासाचा एक अभ्यासक